सतरा नंबरचं बालपण

समजा, तुमच्या कानांवर जाड हेडफोन चढवलाय. उजव्या पायाखाली पेडल आहे. ते दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद, आणि टाचेकडून दाबलं की तीन सेकंद मागे. कानातला माणूस सांगतोय, की तो पाच वर्षांचा असताना त्याला बुटांच्या नाड्या बांधता येत नव्हत्या आणि शिकवायला घरात कुणाला वेळ नव्हता. तुम्ही ते जसंच्या तसं टाइप करायचं. तो चार वेळा 'म्हणजे' म्हणाला तर चारही वेळा. खोकला आला तर कंसात खोकला, हसला तर कंसात हसू. गप्प बसला तर सेकंद मोजायचे आणि कंसात लिहायचं, विराम, इतके सेकंद. आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही, त्याचा एक गाळायचा नाही. आणि नाड्या बांधता न येणारा हा मुलगा मोठेपणी कोण झाला, हा विचार डोक्यात येऊ द्यायचा नाही.

जमेल? शेवटचं सोडून सगळं जमतं.

जिची ही गोष्ट आहे तिला ऑफिसात मुंगी म्हणत. अंगाने बारीक म्हणून नव्हे, तशी ती चांगली भरलेली होती. पण कुणाच्या बोलण्यातला साखरेएवढा कणही तिच्या टाइपिंगमधून निसटायचा नाही, म्हणून मुंगी. वय पंचेचाळीस, नोकरीला तीन वर्षं झालेली, आणि या तीन वर्षांत एक स्वल्पविरामही चुकलेला नव्हता.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती, एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला. भिंतींना आवाज शोषून घेणारे राखाडी ठोकळे, दोन टेबलं, एक प्रिंटर, एक खिडकी. खिडकीखाली इस्पितळाची धुलाई, त्यामुळे सकाळी दहा वाजले की चादरींच्या वाफेचा वास वर यायचा. दारावर पाटी होती: 'सिरीयल किलर : पार्श्वभूमी आणि हेतू. संशोधन विभाग.' पहिल्या आठवड्यात ती पाटी वाचून तिला घाम फुटायचा. मग कळलं, की या खोलीत खुनाचं अक्षरही येत नाही. मुलाखतींचे दोन भाग असायचे. पहिला जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंतचा, तो इथे येणार. दुसरा त्यानंतरचा. तो कुठे जायचा आणि कोण टाइप करायचं, हे प्रमुख असलेल्या डॉक्टरीणबाईंनाच ठाऊक. इथे नुसती बालपणं यायची. नावांच्या जागी टूं असा आवाज, आणि बोलणाऱ्याचा आवाज यंत्रातून फिरवलेला, पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. फाईलवर फक्त नंबर.

एक नियम मात्र कडक होता आणि त्यावर सही करून घेतलेली होती. बोलणारा ओळखीचा वाटला, तर त्या क्षणी पेडल सोडायचं आणि पिवळा फॉर्म भरून डॉक्टरीणबाईंच्या हातात द्यायचा. फाईल तिथून पुढे दुसऱ्याकडे.

शेजारच्या टेबलावर रेडिओ बसायचा. मुंगीहून दहा वर्षांनी लहान, आणि कानावरचा हेडफोन उतरला की तोंड सुरू, म्हणून रेडिओ. त्याने एक खेळ काढला होता. बालपण ऐकून अंदाज बांधायचा, की या माणसाने पुढे किती जणांना मारलं असेल.

"मुंगीबाई, माझा नऊ नंबर," तो चहाच्या वेळी म्हणायचा. "बाप पिणारा, आई सोडून गेलेली, शाळेत सगळे छळणारे. चार तरी नक्की."

"तुझी आई सोडून गेली असती तर तू किती मारले असतेस?"

"माझी आई? ती कसली सोडून जाते! अहो, लग्नानंतर दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेलो, तर डबा घेऊन मागोमाग आली. बरं, तुमचा तीन नंबर?"

"त्याच्या आईने त्याला मांडीवर घेऊन वाचायला शिकवलं. वडील सुट्टीच्या दिवशी पतंग करून द्यायचे."

"अरेरे. मग दोनच."

खेळ बरा नव्हता, हे तिला कळायचं. पण दिवसभर असलं ऐकत बसलेल्या माणसाला हसू कुठून तरी उसनं आणावंच लागतं.

सतरा नंबरची फाईल सोमवारी आली. सहा रेकॉर्डिंगं. पहिल्यात विशेष काही नव्हतं. आई लवकर गेलेली, वडील भट्टीवर रात्रपाळीला, घर दोन खोल्यांचं. अशी घरं तिने डझनांनी टाइप केली होती. दुसऱ्यात जिन्याखालची कोळशाची कोठी आली. मुलाने खोडी केली की वडील त्याला कोठीत कोंडायचे आणि दाराबाहेर गजराचं घड्याळ ठेवायचे. गजर वाजला की सुटका. कधीकधी गजर वाजायचा, पावलं जवळ यायची, आणि घड्याळाला पुन्हा किल्ली दिल्याचा आवाज यायचा.

तिची बोटं मंदावली. कोठ्या पुष्कळ घरांत असतात, असं तिने स्वतःला बजावलं. गजराची घड्याळंही असतात.

तिसऱ्या रेकॉर्डिंगच्या नवव्या मिनिटाला तो पिंपातला आवाज म्हणाला, "कपडे काळे होऊ नयेत म्हणून ते मला बहिणीचा कोट घालायला लावायचे. हिरवा. त्याला मोठी बटणं होती, सहा. म्हणजे पाच एकसारखी आणि एक वेगळं, तपकिरी. अंधारात मी ती मोजायचो. आणि दुसऱ्या दिवशी बहीण तोच कोट घालून शाळेत जायची. काळा झालेला. तिने कधी, म्हणजे, कधी काही म्हटलं नाही."

मुंगीने पेडल सोडलं. ते तपकिरी बटण तिने स्वतः शिवलं होतं.

रेडिओने मान वळवली. "काय झालं?"

"काही नाही. पायाला मुंग्या आल्यात."

"मुंगीला मुंग्या!" तो खूश होऊन पुन्हा कामाला लागला.

तिचा धाकटा भाऊ सव्वीस वर्षांपूर्वी घरातून निघून गेला होता. तेव्हा तो सोळाचा, ती एकोणीसची. जगाला तिने सांगितलं होतं, की तो जहाजावर कामाला लागला आणि तिकडेच रमला. नवऱ्यालाही तेच. खरं काय ते तिलाच माहीत. त्या दुपारी वडील रात्रपाळी करून आडवे झाले होते, घोरत होते. ती बाजारातून आली, हातात पिशवी, आणि आतल्या खोलीच्या दारात खिळून राहिली. पलंगाशी भाऊ उभा. कोळसा फोडायचा हातोडा घेतलेला त्याचा हात वर. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. मग त्याने वाकून हातोडा हळूच जमिनीवर ठेवला, तिच्या अंगाला न लागता दारातून बाहेर पडला, आणि जिना उतरल्याचा आवाज आला. वडील कुशीवर वळले. त्यांना मरेपर्यंत कशाचा पत्ता लागला नाही.

तेव्हापासून तिच्या मनात एक विचार ठाण मांडून बसला होता. बाजारात आपण आणखी एक मिनिट रेंगाळलो असतो, तर? आणि त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरा. आज आपण आडव्या आलो. उद्या हा दुसऱ्या कुणाच्या पलंगाशी उभा राहील, तेव्हा दारात कोण असेल? वर्तमानपत्रात खुनाची बातमी आली, की ती सगळ्यांत आधी आरोपीचं वय बघायची. ही नोकरी का धरलीस, असं नवऱ्याने विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, सुट्ट्या बऱ्या आहेत.

पिवळा फॉर्म खालच्या खणात होता. भरला असता, तर फाईल हातून गेली असती, आणि हा सतरा नंबर आपलाच भाऊ आहे का, आणि त्याने काय करून ठेवलंय, हे तिला जन्मात कळलं नसतं. नाही भरला, तर नोकरीवर पाणी. तिने खण उघडला, बंद केला आणि पेडल दाबलं.

घरी तिचं कशात लक्ष लागेना. नवरा न्हावी. दिवसभर गिऱ्हाइकांची डोकी हाताळून त्याला कुणाचं डोकं ठिकाणावर नाही, हे मागूनच कळायचं.

"अगं, त्या शर्टाने काय गुन्हा केलाय?" तो संध्याकाळी म्हणाला. "तिसऱ्यांदा इस्त्री फिरवतेयस."

"चुण्या जात नाहीत."

"चुण्या तुझ्या कपाळावर आहेत." त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं. "खुन्यांचं ऐकून ऐकून एक दिवस वेड लागेल तुला. त्यापेक्षा माझ्या दुकानात येऊन बस. तिथे लोक फक्त सुनांच्या तक्रारी सांगतात."

"त्या काय कमी भयंकर असतात?" ती म्हणाली. दोघं हसली, पण तिचं हसू ओठांच्या पलीकडे गेलं नाही.

चौथं आणि पाचवं रेकॉर्डिंग तिने मंगळवारी, बुधवारी केलं. पाचव्यात तो म्हणाला, की कोठीत बसून तो वडील कसे मरतील याची चित्रं रंगवायचा. आज भट्टीत पडले. आज जिन्यावरून घसरले. सगळी संपली की पुन्हा पहिल्यापासून. "त्याने बरं वाटायचं," तो म्हणाला आणि गप्प झाला. मुंगीने टाइप केलं, विराम, अकरा सेकंद. अकरा सेकंदांत माणसाच्या मनात काय काय येऊन जातं, याचा तिने आजवर कधी विचार केला नव्हता.

"मुंगीबाई!" रेडिओ प्रिंटरपाशी उभा होता, हातात तिचीच पानं. "तुमचा सतरा म्हणजे कहर आहे. सहाच्या खाली नाही. पैज लावा."

"पानं ठेव."

"कदाचित सात. बापाला भट्टीत घालणारा माणूस..."

"ठेव म्हटलं ना!"

खाली धुलाईतल्या माणसांनी वर बघावं इतका तिचा आवाज चढला होता. रेडिओ पहिल्यांदाच बंद पडला. त्याने पानं नीट जुळवून तिच्या टेबलावर ठेवली, आणि थोड्या वेळाने चहाचा कप.

गुरुवारी सहावं. "त्या दिवशी दुपारी," आवाज म्हणाला, "वडील झोपले होते. मी सोळा वर्षांचा." आणि विराम. ती सेकंद मोजू लागली. चौदा. पंधरा. पुढे काय येणार ते तिला माहीत होतं. पुढच्या वाक्यात ती स्वतः पिशवी घेऊन दारात येणार होती. एकोणीस. तिने पेडल सोडलं, हेडफोन उतरवला आणि पिवळा फॉर्म भरायला घेतला. 'ओळख कशावरून पटली' या रकान्यात लिहिलं, कोट. 'बोलणाऱ्याशी नातं' या रकान्यात, सख्खी बहीण.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर ठेवून तो दिवसभर शोधणाऱ्या. फॉर्म वाचून झाल्यावर त्यांनी सतरा नंबरची पानं काढून चाळली.

"कोट तिसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. म्हणजे सोमवारी. आज गुरुवार."

"हो."

"तीन वर्षांत तुमची एक चूक मला काढता आली नाही. आणि केलीत ती एवढी मोठी?"

"चुकलं माझं. काढून टाका मला हवं तर. पण एवढंच सांगा, किती?"

"काय किती?"

"त्याने किती जणांना..."

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म फाईलीत ठेवला. "मला काही सांगता येणार नाही. आधी मी त्यांना कळवणार, की टाइप करणाऱ्या व्यक्तीने तुम्हाला ओळखलंय. ते बोलायला तयार झाले तर बघू. नाही झाले, तर तुम्ही काही ऐकलं नाही आणि मीही काही वाचलं नाही. तोवर घरी राहा." ती दाराशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "आणि वेळेवर जेवत जा हो."

त्या मायेच्या बोलण्याने तर ती पुरतीच खचली. फाशीच्या कैद्यालाही शेवटी जेवणाचंच विचारतात, असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

शनिवारी तिच्याने राहवेना. दुकान बंद करून नवरा आला तसं तिने त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. हातोडा, कोट, फाईल, सगळं.

"म्हणजे जहाज नव्हतंच?"

"नव्हतं."

"अगं, मी पंधरा वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय, माझा मेव्हणा कप्तान आहे म्हणून."

"कप्तान? मी तर खलाशी म्हटलं होतं!"

"मधे बढती दिली मी त्याला." त्याने तिचा हात हातात घेतला. "जो असेल तो असेल. तुरुंगात असला तर भेटीला जाऊ. केस कापणारा त्यांनाही लागतोच."

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावून घेतलं. "ते हो म्हणाले," त्या म्हणाल्या. "तुम्हाला भेटायचंय त्यांना. उद्या कामावरून सुटलो की येऊ का, असं विचारतायत. बसने दीड तास लागतो, म्हणजे साडेपाच होतील."

मुंगीने ते शब्दन् शब्द ऐकलं. "बसने?"

"हो. दोन बदलाव्या लागतात म्हणे."

"पण सोबत कोण?"

"सोबत कशाला हवी? बेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस आहे."

"तसं सोडतात त्याला?"

"कुठून सोडतात?" डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे देवा. चार दिवस तुम्ही काय धरून बसलात? बसा. खाली बसा आधी."

मग त्यांनी सांगितलं. या विभागात येणाऱ्या फाईलींपैकी निम्म्याच खुन्यांच्या असतात. आतल्या प्रत्येक माणसासाठी बाहेरचा एक माणूस शोधलेला असतो. वय तेच, घर तसंच, मार तसाच, कोंडणंही तसंच. फरक एकच. या बाहेरच्या माणसाने आयुष्यात कुणालाही इजा केलेली नसते. अशी एकेक जोडी.

"नुसती खुन्यांचीच बालपणं बघत बसलो, तर ज्याच्या त्याच्या बालपणात खून दिसायला लागेल," त्या म्हणाल्या. "आणि कुठली फाईल कुणाची हे टाइप करणाऱ्याला कळलं, तर त्याची बोटंसुद्धा बाजू घेतात. एकाचा विराम दोन सेकंदांनी वाढतो, दुसऱ्याचा कमी होतो. म्हणून तुम्हा दोघांना मुद्दाम अंधारात ठेवलं होतं. दारावरची पाटी वाचून तुम्ही सगळ्यांनाच खुनी धरून चालाल, हे मात्र माझ्या ध्यानात यायला हवं होतं."

"म्हणजे सतरा नंबर..."

"सतरा नंबर दातांच्या कवळ्या करतो."

मुंगीचा जीव भांड्यात पडला, आणि इतक्या जोरात पडला की तिला हसूच फुटलं. "कवळ्या!" ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत पुन्हा हसली. डॉक्टरीणबाईही हसायला लागल्या. मग त्यांना आठवलं, की आपण हिला रागवायचं होतं. त्यांनी चेहरा गंभीर केला आणि रागावून घेतलं. सतरा नंबरची सगळी रेकॉर्डिंगं दुसऱ्याकडून पुन्हा टाइप करून घ्यावी लागणार होती. मुंगीला आतली गोष्ट कळली, त्यामुळे या अभ्यासात तिला आता बसता येणार नव्हतं. उद्यापासून तिची बदली खालच्या मजल्यावर, दम्याच्या विभागात. आणि रेडिओला यातलं अवाक्षर कळता कामा नये, नाहीतर तोही वाया जाईल.

ती सामान आवरायला गेली तर रेडिओ वाटच बघत होता. "काय म्हणाल्या? सतरा किती?"

"मी दम्याकडे चाललेय. खोकल्याचे सेकंद मोजायला."

"हे काय उत्तर झालं? सहाच ना? नुसती मान हलवा."

तिने मान हलवली नाही. त्याचा गाल मात्र चिमटीत धरून असा काही ओढला, की तो दुसऱ्यांदा बंद पडला. ज्या नऊ नंबरला त्याने चार खून बहाल केले होते, तो या घडीला कुठेतरी पोस्टात शिक्के मारत असेल, या कल्पनेने तिला पुन्हा हसू येत होतं. मग मांडीवर बसून वाचायला शिकलेला तीन नंबर आठवला, आणि ते हसू जरा ओसरलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये फारसं कुणी नव्हतं. तो कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला होता. कपाळावरचे केस मागे गेलेले, मनगटांवर प्लास्टरची पांढरी पूड. ती समोर आली तसा तो उठला. यंत्रातून न फिरवलेला त्याचा आवाज तिने सव्वीस वर्षांनी ऐकला.

"ताई, तुझी वरची उजवी दाढ गेलीय."

"चार वर्षं झाली."

"आणि तशीच ठेवलीस? शेजारचे दात सरकतात ना. आ कर बघू."

"अरे, लोक बघतायत."

"बघू देत. अर्ध्या शहराचं हसू माझ्या हातचं आहे."

तिने भर कॅन्टीनमध्ये आ केला. त्याने मान तिरकी करून, एखादं बिघडलेलं यंत्र तपासावं तसं आत बघितलं. "होईल," तो म्हणाला. "करून देतो." आणि मग तो पुन्हा खाली बसला. तिने खुर्ची ओढून त्याच्या शेजारी घेतली. पुढची काही मिनिटं दोघं नुसती बसून होती, आणि ती किती होती हे आयुष्यात पहिल्यांदा तिने मोजलं नाही.

चहा आल्यावर बोलणं सुरू झालं. त्याची बायको दातांच्या दवाखान्यात काम करत होती. एक मुलगी होती, नऊ वर्षांची, जिला अंधार आवडायचा आणि दिवा लावून ठेवला की जी चिडायची. "मी दारात उभा राहून बघतो, खरंच झोपलीय का," तो म्हणाला. "खरंच झोपलेली असते." नोटीस त्याला एका दवाखान्यातच दिसली होती, कवळ्या पोचवायला गेला तेव्हा. लहानपणी कोंडून ठेवलेली, मार खाल्लेली माणसं अभ्यासासाठी हवीत. "म्हटलं, आयुष्यात एकदा तरी एखाद्या जागेसाठी मी अगदी पात्र आहे."

"मूर्खा," ती म्हणाली.

"वडील?"

"नऊ वर्षं झाली. झोपेतच गेले."

"झोप त्यांना कायमच छान लागायची."

त्यावर दोघांनाही हसू आलं, आणि मग आलं नाही. तिने कप बाजूला सारला. "एक पत्र तरी टाकायचंस."

"काय लिहिणार? तू मला बघितलंस ना तिथे. तुझ्या लेखी ते होऊन गेलेलं होतं. परत येऊन सांगणार काय, की मी करणार नव्हतो?"

"नव्हतास? हात वर होता तुझा."

"वर?" तो गोंधळला. "नाही ताई. खाली होता."

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"आधी वर होता. किती वेळ कुणास ठाऊक. मग मला तहान लागली. खोटं नाही सांगत, डॉक्टरीणबाईंनीही तीनदा विचारलं. घसा असा सुकला, की म्हटलं आधी पाणी पिऊन येऊ. हात खाली घेतला, वळलो, तर दारात तू."

"मी आले म्हणून तू थांबलास."

"मी थांबलो होतो गं. आधीच."

मुंगीने डोळे मिटले आणि ती दुपार मागे नेली. तीन सेकंद. आणखी तीन. दार, पिशवी, पलंग. दारातून पलंग सरळ समोर होता, म्हणजे त्याच्यावर वाकलेल्या माणसाची पाठ दिसायला हवी होती. तिला दिसला होता चेहरा. तो दाराकडे वळलेलाच होता. आणि हातोडा गुडघ्याशी लोंबत होता. हात वर केला होता तो तिने, नंतर, इतक्या वर्षांत जागून जागून. जगाच्या बोलण्यात पदरचा शब्द न घालणाऱ्या बाईने घरातल्या एका क्षणात एवढी भर घातली होती. ज्या मिनिटात ती सव्वीस वर्षं दारात उभी राहून कुणाला तरी वाचवत होती, त्या मिनिटात तिची कुणाला गरजच नव्हती. खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं तिला झालं.

"मग पाणी प्यालास?" तिने विचारलं.

"कोपऱ्यावरच्या नळावर. पोट दुखेपर्यंत."

ती त्याला बसपर्यंत सोडायला गेली. बस येताना दिसली तसा तो म्हणाला, "रविवारी घरी ये. दाढेचं माप घेतो. भावोजींनाही आण."

"ते तर केव्हाचे कप्तानाला भेटायला टपलेत."

"कोण कप्तान?"

"आल्यावर सांगते. चढ आधी, बस सुटेल."

बस गेली. संध्याकाळची माणसं पिशव्या घेऊन घरी चालली होती आणि मुंगीला उगाचच त्या सगळ्यांचं भलं चिंतावंसं वाटत होतं. नवऱ्याला कधी एकदा सांगते असं झालं होतं. चालता चालता तिला ती दुसरी फाईल आठवली. तिच्या भावाची जोडी. वय बेचाळीस, तसंच घर, तसंच कोंडणं, आणि आता गजांआड. तिने कधीतरी तीही फाईल टाइप केली असेल, नाड्यांपासून विरामांपर्यंत, कण न सांडता. त्याच्याही हातून एखाद्या दुपारी पहिल्यांदा काहीतरी वर उचललं गेलं असणार. डॉक्टरीणबाईंना विचारायचं तिने ठरवलं. त्यांनाही सांगता येणार नाही, हे ठाऊक असून.

त्या क्षणी त्याला काहीच कसं झालं नाही? ना तहान, ना शिंक, ना नुसती पाठीला खाज?